लेकीच्या घरची मांडणी

नाही, बसायला आलो नाही मी. खुर्ची राहू द्या तिथंच. मी एवढंच विचारतोय, की हा जो काळा रॅक तुम्ही दारात उभा केलाय — चार नळ्या आणि त्यांवर काचा — असलाच एक तुमच्या दुकानातून माझ्या मुलीच्या घरी गेलाय, तो परत न्यायला माणूस कधी पाठवताय? पावती माझ्याकडे नाही. पावती तिच्याकडे असेल. काचेच्या कडेला तुमच्या दुकानाचं नाव चिकटवलेलं होतं, ते डोक्यात धरून, विचारत विचारत आलो. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मी नाही. तुमचा माल तुम्ही उचला, मी माझ्या घरी जातो.

नियम? ज्यानं घेतलं त्यानंच आणून द्यायचं, असा नियम? मग मी कोण? बाप आहे मी तिचा. बापानं सांगितलं तर चालत नाही आणि चिठोरं दाखवलं तर चालतं — बरं आहे तुमचं. हसू नका. मी हसण्यासारखं काही बोललो नाही.

आणि वस्तू तरी काय ही. हे बघा, एका बोटानं ढकलतोय मी, एका बोटानं — हलतोय. हलतोय की नाही? हे असं अंगात आल्यासारखं डोलणारं लाकूडकामात चालत नाही. मी सुतार आहे. उभा जन्म त्यात गेला. मी बसवलेलं कपाट घर पडेल तेव्हाच पडेल, आणि त्यातही आधी घर पडेल. कपाटात वस्तू कशी बसली पाहिजे, तर डबीत झाकण बसावं तशी. चारी बाजूंनी गच्च. मध्ये वारासुद्धा फिरता कामा नये. लोक यायचे बघायला. आता हा तुमचा रॅक — पुढून उघडा, मागून उघडा, बाजूनं उघडा. याला रॅक म्हणायचं? ही तर शिडी आहे, आडवी पडायची राहिलेली.

नाही, ऐका. तुम्ही तुमचं पाठ केलेलं नंतर म्हणा.

माझ्या लेकीला गाण्याचा नाद आहे. आजचा नाही, लहानपणापासूनचा. माझ्या घरात तिला ते करता आलं नाही, कारण मी कामावरून आलो की मला शांतता लागायची — दिवसभर करवत ऐकायची आणि घरी येऊन आणखी कुणाचं तरी रडगाणं ऐकायचं, हे मला जमलं नाही. मी बंद म्हटलं की बंद. तिनंही कधी उलट शब्द काढला नाही, गुणी पोर. लग्न झालं, स्वतःचं घर झालं, तेव्हा तिनं पहिली वस्तू कुठली घेतली, तर तबकडी वाजवायचं यंत्र. पलंग नाही घेतला, यंत्र घेतलं. मग ते आवाज मोठा करायचं जड धूड, काय म्हणता त्याला, अॅम्प्लिफायर. सगळं जमिनीवर मांडलेलं, वायरींचं जंजाळ. मी एकदा गेलो, बघितलं, म्हटलं हे काय भंगारवाल्याचं दुकान आहे? ती आत चहा टाकायला गेली तेवढ्यात टेप काढली आणि मापं घेतली. तिला सांगितलं नाही. आमच्यात सांगून करायची पद्धत नाही. करायचं आणि नेऊन ठेवायचं.

मांडणी केली मी. उरलंसुरलं लाकूड पडलं होतं, त्यातूनच केली, तिलाही तसंच सांगितलं. सागवान. एकाच खोडाचं आहे, रेषा बघा म्हणावं, खालच्या फळीतून वरच्या फळीत रेषा चढत जाते. त्यासाठी वखारीत दोन दिवस खोडं उलथीपालथी करत होतो, वखारवाला वैतागला — म्हणजे, उरलेलं होतंच, थोडं कमी पडलं ते आणलं. तो विषय नाही. एक खिळा नाही तिच्यात. सगळे सांधे लाकडात लाकूड. मागूनसुद्धा सबंध फळी लावली, कारण मागची बाजू उघडी टाकायला मी फळं भरायचा खोका करत नव्हतो. यंत्र आत सरकवलं तर असं गेलं, जसा हात अंगरख्यात जातो. वायरीला मागं एक भोक ठेवलं, अंगठ्याएवढं. जावई म्हणाला, बाबा, याचं टोक जरा जाड आहे. मी म्हटलं, मग बारीक टोक आणा. त्यानं वायर कापली, भोकातून ओवली आणि पुन्हा जोडली. बोलला काही? नाही. मग मला कसं कळणार?

आता ऐका काय झालं ते. मी तिच्याकडे जायचं असलं की आधी फोन करतो. नेहमी. न सांगता कुणाच्या दारात जाऊन उभं राहू नये. पण गेल्या आठवड्यात त्यांच्या गल्लीतच एका घरी दार बसवायचं होतं, काम लवकर उरकलं, म्हटलं एवढं दोन पावलांवर आलोय तर डोकावून जाऊ. बेल वाजवली. पोरीनं दार उघडलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी वसुलीला आलोय. आत गेलो. भिंतीला हे तुमचं काळं भूत उभं. त्यावर तिची सगळी यंत्रं, दिवे लागलेले, गाणं चालू. तिनं धावत जाऊन आधी गाणं बंद केलं.

आणि माझी मांडणी? गॅलरीत. वरच्या फळीवर झाडांच्या कुंड्या. मधल्या कप्प्यात, जिथं मी तो अॅम्प्लिफायर गच्च बसवला होता, तिथं कपडे धुवायची पावडर आणि चिमट्यांची टोपली. खाली चपला. पॉलिशवर पाण्याचे गोल गोल डाग. मी उभा राहिलो आणि बघितलं. मग माझी पिशवी उचलली आणि आलो. चहा ठेवला होता तिनं, तो प्यायलो नाही. जिन्यात मागून हाक मारत आली, मी वळलो नाही.

तेव्हापासून रोज फोन करते. मी उचलत नाही.

काय? गरम होतं म्हणून? जावईही परवा माझ्या दारात येऊन तेच म्हणाला, बाबा ते तापायचं, तापून आपोआप बंद पडायचं, दुरुस्तीवाला म्हणाला याला हवा पाहिजे, वरून, मागून. यंत्राला हवा पाहिजे. ते काय म्हैस आहे, गोठ्याला खिडकी ठेवायला? आणि म्हणे तबकडीचं झाकण उघडत नाही, वरची फळी आड येते. झाकण सारखं उघडायचंच कशाला? — हो, तबकडी लावायला. कळतं मला. शिकवू नका. मी त्या वेळी झाकण मिटलेलं बघितलं होतं, मिटलेल्याचं माप घेतलं. मिटलेल्या वस्तूचं मिटलेलंच माप येणार. तिनं उघडून दाखवलं असतं तर उघड्याचं घेतलं असतं. पण दाखवेल कशी, मी तर ती आत गेल्यावर... जाऊ द्या. फळी काढून वर चढवायला मला किती वेळ लागला असता? एक दुपार. मागच्या फळीला झरोके पाडायला? आणखी एक दुपार. मी काही मेलो नव्हतो. एक शब्द टाकायचा होता — बाबा, असं असं होतंय. बस. ते नाही. सगळे मूग गिळून बसले.

सगळे म्हणजे सगळे. घरी येऊन बायकोला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती भाजी चिरत होती. चिरतच राहिली. विळीचा आवाज तेवढा वाढला. म्हणजे ठाऊक होतं.

का नाही सांगितलं, विचारताय. मी पण तेच विचारतोय. मी काय खातो का माणसं? मी रागावतो, हे खरं. कुणी कामात खोट काढली की माझं डोकं फिरतं, ते मी लपवत नाही. माझा धाकटा माझ्याच हाताखाली काम करायचा. एकदा चार लोकांत, गिऱ्हाइकासमोर म्हणाला, बाबा, चौकट तिरकी लागलीय. तिरकी होती का नव्हती, हा प्रश्न नाही. होती थोडी. पण गिऱ्हाइकासमोर? मी त्याला काही म्हटलं नाही. हात लावला नाही, घराबाहेर काढलं नाही, कुणी सांगितलं असेल तर खोटं आहे. मी फक्त त्याच्याशी बोलणं थांबवलं. आपोआप समजेल, म्हटलं. तो एका पंगतीला बसायचा, मी एका. मग एक दिवस गेला, दुसरीकडं काम धरलं. आता फोनबिन आईला करतो. ती माझ्या तोंडाकडं बघत बघत बोलते आणि मी पेपर वाचतो. ते वेगळं. ते पोराचं होतं. पोरीचं तसं नाही, पोरीवर मी कधी... तिला काय घाबरायचं कारण होतं?

नका असं बघू माझ्याकडं. तुम्ही रॅक विका.

बरं, मग माल परत घेणार नाही म्हणता. निदान हे तरी सांगा, तिनं हाच का उचलला? माझ्या मांडणीपेक्षा यात काय जास्त आहे? उंच, चष्मा लावते, हळू बोलते, अशी कुणी आली होती, आठवतंय का? — आठवतंय? दोनदा आली होती? अच्छा. आणि हा नाही घेतला, मग कुठला घेतला?

तो. कोपऱ्यातला. चाकांचा.

त्याला चाकं आहेत? मी बघितलीच नाहीत, माझी नजर गॅलरीकडं होती. फर्निचरला चाकं कशाला, तो काय भाजीचा गाडा आहे? तुम्हीच सांगितलं असेल, विकायला काहीतरी. — तिनंच मागितली? काय म्हणाली ती? बरोबर आठवून सांगा. तिचे शब्द सांगा, तुमचे नकोत.

घरी कुणी येणार असलं की पटकन आतल्या खोलीत ढकलता आला पाहिजे.

कुणी म्हणजे कुणी, ते विचारलं नाहीत तुम्ही. कशाला विचाराल.

थांबा जरा. मला जोडू द्या हे. मी फोन करायचो, येतोय म्हणून. मग मी पोचायचो, तर मांडणी जागच्या जागी, पुसलेली, त्यात यंत्रं गच्च बसलेली. गाणं बंद. मी म्हणायचो, लाव की काहीतरी — तर शेजारचं बाळ झोपलंय, नाहीतर लाइट कमीजास्त होतेय. मला वाटायचं, माझा मान ठेवते. मी समोर बसून त्या रेषा बघत चहा प्यायचो. आणि जावई... जावई दर वेळी घामाघूम होऊन दार उघडायचा. मी म्हणायचो, व्यायाम करता वाटतं, छान आहे. तो हो म्हणायचा. आणि त्या दिवशी नात — चार वर्षांची आहे — मला बघून म्हणाली, आजोबा, आज तुम्ही फोन केला नाही, मग आमचा सामान-सामान खेळ कसा होणार? मला वाटलं, पोरांचं काहीतरी.

कुंड्या उतरवायच्या. पावडर, चिमटे, चपला काढायच्या. पुसायची. उंबऱ्यावरून उचलून आत आणायची. वायरी सगळ्या सोडायच्या, पुन्हा त्या भोकातून ओवायच्या. मी गेलो की सगळं उलट. दर वेळी. किती वेळा केलं असेल... एकदाही म्हणाली नाही, बाबा, आज येऊ नका.

माझ्यासाठी नाटक करतात. माझ्याच लेकीच्या घरात मी प्रेक्षक. लाज वाटली पाहिजे.

कुणाला म्हणजे?

नको, पाणी नको. फोन नका लावू तिला — ठेवा तो खाली, ठेवा म्हणतो ना. तुमच्याकडं नंबर असेल, असू दे. मी इथं आलो होतो हे तिला कळायचं कारण नाही. उद्या ती दुकानात आली, विचारलं, तर म्हणायचं कुणी आलं नव्हतं. म्हातारा वगैरे कुणी नाही. कळलं? माल परत घ्यायचं मी बोललोच नाही. राहू दे तो तिच्याकडं. वाजवू दे.

रविवारी जाईन मी. तिचा फोन उद्या आला तर उचलीन आणि सांगीन, रविवारी येतो. आधीच सांगीन, अगदी निघताना नाही. ती मांडणी जड आहे हो. भरीव सागवान आहे, मी स्वतः केलीय, मला ठाऊक आहे. दोघांना मिळून उचलायची म्हणजे वेळ लागतो.

सरका आता दारातून. तिकडं गिऱ्हाईक ताटकळलंय, त्याला बघा.