खुंटीपासून खुंटीपर्यंत

हॅलो?… हो बाबा, मीच. आत्ताच पाण्यातून वर आले. केस निथळतायत अजून…

विसरेन कशी? तुम्हाला ओळ वाचून दाखवल्याशिवाय कधी जेवलेय का मी?… आधी तुम्ही सांगा, डॉक्टर येऊन गेले?… ‘बरंय’ म्हणजे काय? तोंडदेखलं नको…

बरं, बरं. काम आधी… हो, टेप तळाशी तुमच्याच दोन खुंट्यांना बांधली. गंजल्यात, पण हलल्या नाहीत… हो, टेपखाली येईल तेच प्रवाळ ओळीने पाटीवर लिहिलं. लॅटिन नावं अहवालात घालीन, फोनवर आपली घरचीच…

पाणी? स्वच्छ होतं… छे, गरम कुठलं.

ऐका, पाटी हातात घेतलीय. पहिल्या खुंटीपासून… शिंगं, जिवंत. मग वाळू. मग मेंदू… हो, तोच, तुमचे ‘साहेब’. जिवंत… रंग? हिरवट. नेहमीचाच, बाबा… फुलकोबी, जिवंत. मग अळंबी. पुन्हा शिंगं…

का? काय झालं?… अळंबी. हो, फुलकोबीच्या लगेच पुढे…

गेल्या वर्षीही तिथेच होती? असेल की…

हो… माहितीय मला. अळंबी दगडाला चिकटलेली नसते. सुटी असते, लाटेबरोबर सरकते… तुम्हीच शिकवलंत. माझ्या पहिल्या बुडीत तळहातावर उलटी ठेवून दाखवली होतीत…

योगायोग असेल… बरं. नाही. योगायोग नाही… गेल्या वर्षीची ओळ वाचत होते मी.

ओरडू नका हो, खोकला येईल… आलाच बघा! पाणी प्या…

आई? अगं… हो, हो… अगं ऐक ना, मी नाही सांगितलं! तूच म्हणालीस ना, राहिलेले दिवस सुखात जाऊ देत, खोटं वाच. तेच करत होते. त्यांनी पकडलं… अळंबीवरून… अगं, आता तुला अळंबी समजावत बसू का मी?… मागून काय म्हणतायत?… हो, ऐकू आलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही… दे त्यांना फोन. रडू नकोस. दे, आई.

बाबा… चुकलं माझं. तुम्हाला गंडवायला निघाले, माझीच अक्कल…

हो, खरी ओळ आहे… उद्या वाचली तर चालेल?… बरं. आत्ता.

पहिल्या खुंटीपासून… शिंगं, मेलेली. मोडून खाली पडलीत… वाळू… मग…

साहेब गेले, बाबा.

नाही, कडेलासुद्धा नाही. बोटाएवढाही जिवंत भाग उरला नाही. वर शेवाळ चढलंय… उन्हाळ्यात पाणी तापलं ना, तेव्हाच पांढरे पडले असणार. आम्हाला बोट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं… नाही, मी रडत नाहीये. पाटी ओली आहे, अक्षर लागत नाही… हो. रडतेय. तोंडातली हवेची नळी काढायची सोय नाही म्हणून खाली रडले नव्हते, आता रडतेय.

फुलकोबी, मेलेली. अळंबी नाहीच… तुकडे… शेवाळ… तुकडे… दर वेळी ‘पुढे’ म्हणू नका ना, वाचतेय मी…

जाती किती?… अहो, गेल्या वर्षी नावं मावेनात म्हणून पाटी उलटी करून लिहिलं होतं. या वर्षी फुलकोबीनंतर ‘तुकडे, शेवाळ’ एवढंच लिहिलं आणि खाली नुसत्या रेघा ओढल्या… हो, नावानिशी लिहायला हवं होतं. कुठलं मेलं ते कळायला हवं, हो… उद्या पुन्हा उतरते. सांगाड्यावरून ओळखते एकेक…

दुसरी खुंटी. संपली ओळ.

बाबा?… ऐकताय ना?

पुढच्या वर्षी? वाचीन की. खुंट्या आहेत तोवर वाचीन…

म्हणजे काय, ‘आईला वाचून दाखव’? तिला काय कळतंय त्यातलं? तिला मेंदू आणि फुलकोबी…

आजपासून शिकवणार?… तिला?… काय म्हणतेय ती? ‘मेंदू म्हणजे कुठला’… अहो, पण घाई कसली आहे एवढी? बरे व्हा, मग सावकाश…

…

हो.

हो बाबा, कळलं मला…

मेंदूपासून नका सुरू करू, ती गोंधळेल. शिंगांपासून करा. शिंगं तिला लगेच कळतील…

शिकवा तिला. मी ठेवते.