डेकवरची दुसरी खुर्ची

नाही नाही, हसू नका, आधी ऐका तरी! सुट्टीवर गेलेली बाई सकाळी उठून काय करते? लोळते. आणि मी काय करत होते? तोंडावर पाणी मारून जिन्यानं वर पळत होते, जहाजाच्या डेकवर, खुर्च्या अडवायला! तिथं कठड्यालगत त्या लांबलचक खुर्च्या असतात ना, अर्धवट झोपून बसायच्या, त्यांच्यासाठी ही मारामारी… चांगली शिकलीसवरलेली माणसं हो, पण एका खुर्चीसाठी कोपरानं ढोसतात! मी आपली एका खुर्चीवर बसायची आणि शेजारच्या खुर्चीवर आमच्या ह्यांचा टॉवेल पसरायची. आणि हे? 'आलोच हं' म्हणून जे जायचे, ते थेट जेवायलाच उगवायचे. मग येणारा-जाणारा विचारणार, 'ही रिकामी आहे का?' 'नाही, आमचे हे येतायत.' 'कुठायत?' 'येतायत!' तुम्हाला सांगते, त्या जहाजावर माझं नाव 'टॉवेलवाली' पडलं. आणि हे सगळं कशासाठी? तर म्हणे, आराम करायचा!

हे आरामाचं खूळ आमच्या लेकीचं. तिनं आणि जावयांनी परस्पर सगळं ठरवलं आणि मग फोन. 'आई, तू आणि बाबांनी काही म्हणजे काही करायचं नाही. जहाजावर बसायचं, समुद्र बघायचा, आराम करायचा!' आता हिला काय सांगू? आमचं टेलरिंगचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, मधे नुसता पडदा. ह्यांची मशीन रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे गिऱ्हाईक आलं की ह्यांना दिसावं. आणि मला स्वयंपाकघरातून काय दिसणार? पाठ! लग्न होऊन आले तेव्हापासून पाठ. मी विचारायचं, 'आज जेवायला काय करू?' आणि पाठीनं सांगायचं, 'कर काहीतरी.' रुसले तरी पाठीवर, रडले तरी पाठीमागे. तेव्हा खरं सांगते, मला समुद्राचं काही पडलेलं नव्हतं. मला वाटत होतं, हा माणूस हातात काही न घेता दोन घटका माझ्याशेजारी बसावा आणि त्याचं तोंड माझ्याकडे असावं. एवढंच! फार मागितलं का हो?

म्हणून निघताना मी ह्यांची बॅग तपासली. सदऱ्यांच्या घडीतून कैची निघाली. मोज्यात टेप! चष्म्याच्या डबीत खडू! सगळं काढून घेतलं आणि म्हटलं, 'शपथ घ्या, जहाजावर सुईला हात लावणार नाही.' घेतली बिचाऱ्यांनी, चेहरा असा करून की जसं काही मी जेवण बंद केलंय.

बरं, गेलो एकदाचे. आता त्या समुद्राचं कौतुक ऐका. सकाळी उठून बघायचं काय? पाणी. दुपारी? तेच पाणी, उन्हात. संध्याकाळी लोक फोन घेऊन धावतात, 'बघा बघा, सूर्य बुडाला!' अहो, रोजच बुडतो, त्याला दुसरं काम काय? करमणुकीला एक माईकवाली होती, ती सकाळपासून किंचाळायची, 'चला चला, वरच्या मजल्यावर सगळ्यांनी हात वर करायचे!' का वर करायचे? काय चोरलंय आम्ही? आणि खोलीत गेलं की पलंगावर टॉवेलचा हंस बसलेला. रोज कुणीतरी येऊन हंस करून जायचं. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी तो उलगडला, काठ चिमटीत धरून बघितला आणि म्हणाले, 'टीप वाकडी आहे.' म्हटलं, हंस बघा की हो! टीप काय बघताय? आराम करायचाय ना!

आणि खाणं! काय सांगू, खाणं तिथं बंदच होत नाही. नाश्ता उचलेपर्यंत जेवण मांडतात, जेवण उचलेपर्यंत केक मांडतात, आणि माणसं अशी तुटून पडलेली की जहाज बुडायच्या आत संपवायचंय! आमच्या टेबलावर एक पोटवाले काका होते. पहिल्या दिवशी साधे काका होते हो, पोटवाले तिथं झाले. डोळ्यांसमोर वाढले! मी ह्यांना कोपर मारून म्हटलं, 'बघा, काकांची कशी चंगळ चाललीय.' हे म्हणाले, 'बटण जाणार.' आणि तुम्हाला सांगते, काकांनी खीर वाढून घ्यायला हात लांब केला मात्र, पॅन्टचं बटण उडालं ते सरळ समोरच्या बाईच्या पाण्यात. बाई किंचाळली, काका लाजले, सगळे हसले. फक्त आमचे हे हसले नाहीत. हे त्या बटणाकडे असे बघत होते… कसं सांगू, आजवर माझ्याकडे तसं बघितलेलं नाही.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी बसले आरामात!

त्या बटणाच्या दुसऱ्या दिवसापासून 'आलोच हं' सुरू. मी टॉवेल राखतेय आणि हे गायब. विचारलं तर, 'जरा पाय मोकळे करत होतो.' जहाज ते केवढं, पाय मोकळे करून करून किती करणार? एकदा ह्यांच्या बाहीवर गुलाबी दोरा दिसला. शिरला ना मनात संशयाचा किडा! म्हटलं, ह्या वयात? आणि आमच्या ह्यांना? ज्यांना साधं 'छान दिसतेस' म्हणता येत नाही, त्यांना गुलाबी कपड्यातली कोण बाई भेटली? पण विचारायची हिंमत होईना. टॉवेल आणखी ताणून बसवला आणि बसून राहिले. पाण्याकडे बघून डोळे भरून यायचे. शेजारची विचारायची, 'वारा लागला का हो डोळ्यांना?' म्हटलं, हो, वाराच!

आणि मग त्या माईकवालीनं जाहीर केलं, 'आज रात्री कॅप्टनबरोबर खास जेवण! सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घालून यायचं!' झालं. दुपारी बघते तर डेक रिकामा. ज्या खुर्च्यांसाठी डोकी फुटायची, त्या वाऱ्यावर मोकळ्या! 'ही रिकामी आहे का' विचारायलासुद्धा कुणी नाही. वाटलं, जहाज बुडतंय आणि मला सांगायचं राहिलं. टॉवेल काखेत मारला आणि धावले खोलीकडे.

तर आमच्या मजल्यावर ही रांग! कुणाच्या हातात कोट, कुणाच्या खांद्यावर पॅन्ट, कुणी झगा पोटाशी धरून. आणि रांग कुठं जातेय? आमच्याच खोलीत! मी पुढं घुसायला गेले, तर पोटवाले काका आडवे. म्हणतात कसे, 'ओ बाई, रांगेत या! आम्ही काय येडे म्हणून उभे आहोत?' अहो, माझी खोली! माझा पलंग! माझा नवरा! पण मागून चार-पाच जण ओरडले, 'रांग, रांग!' आणि मी, तुम्हाला सांगते, मी मुकाट्यानं रांगेत उभी राहिले. स्वतःच्या नवऱ्याला भेटायला!

उभ्या उभ्या सगळं कळलं. खाऊन खाऊन कुणाचेच कपडे होईनात. जहाजावर धुऊन मिळतं, इस्त्री मिळते, पण सैल करून देणारा कोण? आणि ह्यांना सुई कुठून मिळाली, तर खोलीच्या ड्रॉवरमध्ये! जहाजवाल्यांनीच प्रत्येक खोलीत सुई-दोऱ्याची पुडी ठेवलेली! मी मोजे झाडून टेप काढली आणि त्या लोकांनी दारुड्याच्या उशाला बाटली आणून ठेवली! गुलाबी दोरा त्या माईकवालीच्या झग्याचा निघाला. वर हात करून करून काखेत उसवला होता.

माझा नंबर आला. आत हे पलंगाच्या कडेला मांडी घालून बसलेले, नाकावर चष्मा, भोवती लोकांच्या पॅन्टी. मान वर न करता विचारलं, 'काय करायचं? सैल?'

मी म्हटलं, 'खुर्ची राखून कंटाळलेय. तेवढं काही होतंय का बघा.'

मान वर झाली. सुई हातातच राहिली. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, शपथेची आठवण देणार होते, पुडी समुद्रात फेकणार होते, लेकीला फोन लावणार होते. पण हे म्हणाले, 'रागावू नकोस गं. तिथं खुर्चीत पडलो की हे हात माझे वाटतच नाहीत. भीती वाटते मला. म्हटलं, तुला सांगितलं तर हसशील.'

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं… ती खोली एवढीशी, की पाठ करायला जागाच नाही! पलंगाच्या ह्या टोकाला ते, त्या टोकाला मी, मधे काकांची पॅन्ट. म्हणाले, 'दोरा ओवून देतेस? दिसत नाही नीट.' दिला. एक दिला, मग दुसरा दिला, मग मी बटणं काढायला बसले, मग बाहेर जाऊन रांगेला दटावून आले, 'एकेकानं या, आणि पोट आत ओढून माप देऊ नका!' आणि हे बोलायला लागले हो! टीप घालता घालता बोलत होते. लहानपणी शिवण शिकताना उस्तादानं कसं मारलं, लेक सासरी गेली त्या दिवशी एक कोट उलटा शिवून ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही… एवढी वर्षं हे सगळं त्या पाठीच्या पलीकडे होतं!

कॅप्टनबरोबरचं जेवण आमच्याशिवाय झालं. सगळं जहाज ताठ कपड्यांत मिरवत होतं आणि आम्ही दोघं पलंगावर बसून पाव खात होतो. पुढचे सगळे दिवस तेच. लेक विचारते, 'आई, समुद्र कसा होता?' म्हटलं, फार छान, काकांच्या कोटाच्या अस्तरासारखा निळा!

घरी आल्याबरोबर मी पहिलं काम काय केलं माहितीय? मशीन फिरवली. तोंड घराकडे! आता गिऱ्हाईक येतं आणि पाठीला विचारतं, 'अहो टेलर, इकडे बघा तरी!' बघा म्हणावं पाठ. मी बघितली, मला काही झालं का?

आणि काल दुपारी… मशीन थांबली. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले. मी भाजी चिरायची थांबले. म्हटलं, बोलणार, आज हा माणूस काहीतरी बोलणार! एवढा समुद्र पालथा घातला, तो वाया नाही गेला!

तर म्हणतात, 'अगं, बाहीला उसवलंय तुझ्या. काढून दे इकडं.'

दिलं काढून. आणि बसले समोर. आराम करायचा, दुसरं काय!