कपाळामागचा भाग

"हॅलो?... हो वं चारू, मीच बोलून राहिली... नाही, धंतोलीत हाय, दवाखान्यात. तुह्या भाऊजीचा रिपोर्ट आला."

वच्छलाबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. चारुशीला त्यांची धाकटी बहीण, काटोलची. तिच्या नवऱ्याच्या तेरवीपासून तिनं बोलणं टाकलं होतं. बाकावर शेजारी त्यांचे यजमान चंद्रभान पाय हलवत बसले होते.

"दारू नाही वं, कधी पेले ते?... अगं ऐक ना. एमआरआयमधी पक्कं समजलं नाही. मंग पेट स्कॅन केला... हो, सुईतून साखरेसारखी दवाई देतात. मेंदू जिथं काम करते, तिथं फोटोत रंग येते. यायच्या कपाळामागं रंगच नाही... विझल्यावानी. डिमेन्शिया म्हणे, पण वेगळा. लई कमी लोकायले होते...

"नाही, विसरत काहीच नाही! तुही जन्मतारीख सांगतीन. म्हणून तर कोणाले समजलं नाही. यात पहिले माणसाची लाज जाते म्हणे, माया जाते...

"रडू नको वं. तुह्या घरी माणूस गेलेला, अन् हे हासले. दुसऱ्याच्या पानातले लाडू उचलले. तुले राग येणारच... नाही, चूक माही. मी भर पंगतीत त्यायच्या तोंडात मारली... हो, माहीत नव्हतं. पण मारल्यावर मले बरं वाटलं, चारू. लोकायले दिसलं ना, का मी यायच्या बाजूनं नाही..."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आं?... मागितली ना माफी. आत्ताच, हात जोडून... काय म्हणतीन? 'भजे कुठी भेटते?' म्हणे... हास, हास तू... थांब. अहो! ते आपलं नाही!"

चंद्रभानांनी समोरच्या बाईच्या पिशवीतलं संत्रं उचललं होतं. वच्छलाबाईंचा हात वर गेला, आणि तसाच राहिला. आजवर अशा वेळी त्या 'यायचा चष्मा घरी राहिला' म्हणून वेळ मारून नेत. आज मान खाली घालून म्हणाल्या,

"माफ करजा बाई. माहे मालक हायेत. बिमार हायेत."

बाईनं हातानंच 'असू द्या' म्हटलं.

"हॅलो... हो, मीच बोलली ते. पहिल्यांदाच... चारू, ठेवतो आता. सालासकट खाऊन राहिले. सोलून द्या लागते."