बशीतले हिरवे खडे

सर : आणि बशीत साधं पाणी घातलंत?

बाई : कडेला हिरवे खडे चिकटले होते. वर्गातल्या त्या पोरीची मेहनत वाया जायला नको म्हणून ते सुटायला थोडं पाणी घातलं, बशी वाफेवर ठेवली आणि मीटिंगला पळाले.

सर : ॲसिडशिवाय? मग जांभळं होणारच. कोबाल्ट तोच, क्लोरीनही तेच. हिरव्यात दोन क्लोरीन समोरासमोर असतात, साध्या पाण्यात आटवलं की शेजारीशेजारी येऊन बसतात. ट्रान्सचं सिस. दरवर्षी तुम्हीच शिकवता.

बाई : जखमेवर मीठ चोळू नका.

सर : बरं. मग?

बाई : काल बशीत जांभळे खडे दिसले. पाण्याचं मी साफ विसरले होते. तिला करायचे होते हिरवे, जांभळे दुसऱ्या गटाला, म्हणून मी वर्गासमोर तिला म्हटलं, चोरायचं तर निदान रंग बघून चोरावं. पोरं हसली. खोटं कशाला सांगू, मलाही बोलून बरं वाटलं.

सर : ती काय म्हणाली?

बाई : ‘बाई, परवा हिरवे होते.’ एवढंच. आज त्याच वाफेच्या भांड्याशी उभी राहिले आणि सगळं आठवलं. सर, मला माझीच लाज वाटतेय.

सर : ती विषय बदलतेय म्हणे. रसायन सोडतेय.

बाई : म्हणून तर जीव थाऱ्यावर नाही.

सर : इथे बोलवा, चूक झाली म्हणा, मिटवून टाका. वर्गासमोर गेलात तर पोरं डोक्यावर मिरी वाटतील.

बाई : वाटू देत. आरोप वर्गात आणि माफी बंद खोलीत, हे कुठलं माप?

मुलगी : येऊ का, बाई? विषय बदलायच्या अर्जावर तुमची सही हवी होती.

बाई : ये. सहीचं नंतर बघू. आधी ही बशी बघ. तुझीच आहे. मी तिच्यात पाणी घातलं, वाफेवर ठेवली आणि विसरले. तू काही चोरलं नव्हतंस.

(मुलगी बशी हातात घेते.)

सर : ॲसिड घालून पुन्हा आटव गं. परत हिरवे होतील.

मुलगी : माहितेय, सर.

बाई : तासाला चल. हे सगळ्यांसमोर सांगायचंय मला. मग सही मागितलीस तर देईन.

मुलगी : म्हणजे हिरवेच होते ना, बाई? मला वाटायला लागलं होतं, मीच खोटं बोलतेय.