साहेबांच्या तोंडावर पाणी फेकल्याबाबत

मी, गल्लीत टेलरबाई म्हणून ओळखली जाणारी, वय ४६, धंदा शिवणकाम, राहणार कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी नवरा, दीर व दिराची मुलगी यांच्यासह राहते. धाकटी जाऊ मागच्या वर्षी वारली. घरात वापरायला पाणी दारच्या बोअरचे.

कारखान्यात लोखंडी भागांवरचे ग्रीस रसायनाने धुतात. वापरलेले रसायन बरीच वर्षे भिंतीपलीकडच्या खड्ड्यात ओतत असत. आमच्या पाण्याला गोडसर वास येऊ लागला. तक्रार केली तेव्हा टाकी घासा असे सांगण्यात आले. जावेने टाकी घासली. पुढे तिच्या लिव्हरला गाठ निघाली.

काल सकाळी कारखान्याने गल्लीतल्या लोकांची शाळेत बैठक बोलावली. सुरक्षा विभागाचे साहेब म्हणाले, "ते रसायन मातीत आपोआप विघटित होतं. पाणी पिण्यालायक आहे." जावेवर उपचार केलेल्या डॉक्टरीणबाई उठून म्हणाल्या, "विघटन अर्धवट होतं. त्यातून जे तयार होतं ते आधीच्यापेक्षा घातक असतं. तेही सांगा ना." साहेबांनी पुढचा प्रश्न घेतला.

पुढचा प्रश्न माझा होता. मी घरून बोअरचे पाणी पेल्यात झाकून नेले होते. ते त्यांच्यापुढे धरून म्हटले, "बोलून घसा सुकला असेल साहेब, घ्या."

"मला तहान नाही."

"मग नुसती चूळ भरा."

लोक हसले. मी जावेच्या आजाराचे सांगितले. साहेब म्हणाले, "लिव्हरचे आजार सवयींनी होतात, बाई. घरात कोण काय पितं, ते आम्हाला काय माहीत?"

माझा दीर तिथेच बसला होता. त्याने मान खाली घातली. मी पेल्यातले पाणी साहेबांच्या तोंडावर फेकले. रागाच्या भरात फेकले का, असे विचारल्यावरून सांगते की राग होता, भरात नव्हते.

साहेबांनी डोळे घट्ट मिटून घेतले व "धुवा, लवकर धुवा" असे म्हणत राहिले. त्यांच्या ड्रायव्हरने बाटलीतल्या पाण्याने तोंड धुऊन त्यांना दवाखान्यात नेले.

माझ्यावर घातक द्रव फेकल्याची फिर्याद आहे, ती मला वाचून दाखवली. त्यातील 'घातक' या शब्दाबद्दल माझी काही तक्रार नाही.

पेल्याच्या तळाशी उरलेले पाणी पोलिसांनी सीलबंद करून लगेच तपासणीला पाठवल्याचे समजले. जाऊ अंथरुणावर होती तेव्हापासून आम्ही ही तपासणी मागत होतो. ती अशाने होते हे ठाऊक असते, तर मी तेव्हाच फेकले असते.

जबाब मला वाचून दाखवला. शेवटचे वाक्य काढायचे का, असे हवालदारांनी विचारले. मी राहू द्या म्हटले. बाकी सर्व मी बोलले तसेच उतरवले आहे, म्हणून खाली सही करते.