मॅडमची जागा

बसमधल्या भांडणांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या वंदनाचं सांगते. पस्तीस वर्षांची आहे, पण कुठलीही गोष्ट शिकायला तिला वेळ लागतो. अशा मोठ्या मुलांना एकट्यानं वावरायला मी शिकवते. बिबवेवाडीच्या घरून नारायण पेठेतल्या आमच्या वर्गाला बसनं यायला तिला रोज शेजारी बसून शिकवलं.

एकटीनं येण्याच्या परीक्षेच्या दिवशी मी तिच्या नकळत मागच्या सीटवर बसले. तिनं तिकीट नीट काढलं आणि शेजारच्या जागेवर पर्स ठेवली.

एक बाई म्हणाल्या, "पर्सचंही तिकीट काढलंय का?"

"ही आमच्या मॅडमची जागा आहे."

"कुठे आहेत मॅडम?"

"येतील."

बसभर हशा झाला. बाई पर्स तिच्या मांडीवर टाकून बसल्या. मी उठले असते तर परीक्षाच संपली असती, म्हणून मागेच बसून राहिले.

वंदना रडत उतरली, पण अगदी बरोबर स्टॉपवर. तिथे तिचे वडील काळजीनं आधीच स्कूटर घेऊन येऊन उभे होते.

"पुरे झालं. उद्यापासून मीच सोडीन."

मी तिच्या मागोमाग उतरून म्हटलं, "अहो काका, स्टॉप तिनं स्वतः ओळखला!"

त्यांनी स्कूटर सुरू केली. मागे बसता बसता वंदना मला म्हणाली, "मॅडम, मी जागा धरली होती. तुम्ही आलाच नाहीत."