टिंब असलेला गोल

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय चंद्रप्रकाशजी, जान्हवीला कॉलेजात गणित शिकवणाऱ्या आणि आज मुद्दाम बोरिवलीहून मुलुंडपर्यंत आलेल्या संघमित्राबाई, मागे उभी राहून समोशांची वाट बघणारी पोरं, आणि माझ्या बायांनो, बाबांनो, सगळ्यांना या शकुआजीचा नमस्कार.

माइक आयुष्यात पहिल्यांदा हातात आलाय, तेव्हा लवकर सुटायचा नाही. आमचा राजेश, जान्हवीचा बाबा, आत्ताच कानात सांगून गेला, आई, दोन मिनिटं. सांगू दे त्याला.

आज माझ्या नातीचा सत्कार आणि परवा तिचं जर्मनीचं विमान. तिथे ती काय करणार, ते बाईंनी मघाशी इंग्रजीत फार छान सांगितलं. मी पडले दुसरी पास. मला तिने मेथी निवडता निवडता सांगितलं, तेवढंच ठाऊक. तिचं काम खुणांचं. गणितात खुणा असतात ना, अधिकाची, वर्गमुळाची, त्या प्रत्येक खुणेला जगाने मिळून एकेक नंबर ठरवून दिलाय. मोबाइलमधून जातो तो नंबर. पलीकडचा मोबाइल तो नंबर बघून खूण काढतो. त्याच्याकडे ती नसली, तर नुसता रिकामा चौकोन.

मी म्हटलं, मग यात नवीन काय गो? हे तर मी आणि तुझ्या आजोबांनी घाटकोपरच्या चाळीत केलेलं.

हसताय काय? खरंच सांगते. हे गिरणीत सकाळपाळीला, मी दुपारची पापड लाटायला. मला धड लिहिता येत नव्हतं. मग दारावर खडूने खूण करून जायचं. फुली म्हणजे नळाला पाणी नाही. गोल आणि मधोमध टिंब म्हणजे, माझं जेवण राहिलंय, थांबा. हे आले की अंगठ्याने टिंब पुसायचे. म्हणजे, आलोय, थांबलोय. गॅलरीच्या टोकावरून मला आमचं दार दिसायचं. टिंब गेलेलं दिसलं की पायात चप्पल ठरायची नाही. शेजारची नीलम चिडवायची, "सावकाश गं शकु, गोल कुठे पळून जात नाही."

हे वारल्यावरही एकदा मी सवयीने गोल काढून कामाला गेले होते. परत आले, तर टिंब तसंच.

मध्यंतरी जान्हवीला विचारलं, आमच्या खुणेला मिळेल का गं नंबर? ती म्हणाली, "आजी, नवीन खूण घ्यायची तर ती वापरणारी खूप माणसं लागतात." मी मेथी निवडत राहिले. वापरणारी दोनच होती, त्यातली आता एक.

दोन दिवसांनी तिच्याकडून माझ्या मोबाइलवर आला रिकामा चौकोन. म्हटलं, कार्टी चेष्टा करते. संध्याकाळी येऊन तिने मोबाइलमध्ये काहीबाही घातलं, आणि चौकोनाच्या जागी गोल. मधोमध टिंब. गणितवाल्यांकडे ती खूण आधीपासून होती म्हणे. त्यांचा अर्थ वेगळा आहे, असू दे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती खूण मी न काढता माझ्यासमोर आली. मी हळूच टिंबावर अंगठा फिरवून बघितला. पुसलं नाही गेलं.

तर जान्हवी, मी तुला रोज फोन करून पिडणार नाही. तिकडच्या वेळा वेगळ्या. मी टिंबाचा गोल पाठवत जाईन. त्यावर 'आजी, जेवून घे' असलं काही लिहायचं नाही. जेवणार मी, गोळ्या असतात. फक्त ज्या दिवशी मुंबईत उतरशील, त्या दिवशी नुसता गोल पाठव. टिंबाशिवाय. त्यालाही नंबर आहे, मी बाईंना मघाशीच विचारून ठेवलंय.

सोसायटीने माझ्या पोरीचं एवढं कौतुक केलं, बाई एवढ्या लांबून आल्या, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही पुढेमागे झालं असेल तर म्हातारीचं म्हणून सोडून द्या. समोसे गार होतायत, तुम्ही सुरू करा. जान्हवीचे फोटो चाललेत अजून. ती येईपर्यंत मी थांबते.